मांजराचं ठीक आहे, पण ब्रायनचं काय झालं?

रविवार, रात्र

माइंडहंटर परत बघून संपवली, ती नेटफ्लिक्सची सिरीज, एफबीआय ह्या अमेरिकन तपास संस्थेची माणसं तुरुंगातल्या खुन्यांशी बोलत फिरतात ती. संपवली कसली, जिथे थांबवून ठेवलीय तिथपर्यंत बघितली. २०१७ ला पहिला सीझन आला दहा भागांचा, २०१९ ला दुसरा नऊ भागांचा, आणि २०२० च्या जानेवारीत तिन्ही मुख्य कलाकारांना करारातून मोकळं केलं. तेव्हा वाटलं होतं तिचा दिग्दर्शक डेव्हिड फिंचर दुसऱ्या कामात आहे, होईल कधीतरी. मग २०२३ मध्ये त्यानेच एका फ्रेंच वर्तमानपत्राला सांगून टाकलं की खर्च फार होता, तेवढा प्रेक्षक नव्हता, आता पुढे काही नाही. झालं.

ताईला फोनवर सांगत होते तर ती म्हणे अगं अर्धवट सिरीज बघायचीच कशाला, आईच्या मालिकेत नाही का मोठा दीर बंगलोरला बदली होऊन गेला तो सख्ख्या भावाच्या लग्नालाही उगवला नाही. खरंय, पण तिथे लिहिणारेच त्याला विसरलेले असतात. इथे कोणी काही विसरलेलं नाहीये, आणि मला तेच जास्त लागतं.

म्हणजे बघा, पहिल्या सीझनमध्ये वेंडी कार, ह्या टीममधली प्राध्यापिका, एफबीआयचं ऑफिस आहे त्या क्वांटिकोला एकटी राहायला येते. बिल्डिंगच्या तळघरात कपडे धुवायला जाते तेव्हा खिडकीबाहेर मांजर ओरडतं, दिसत नाही, फक्त आवाज. ती ट्यूनाचा डबा ठेवते, दुसऱ्या वेळी डबा रिकामा. मग हे चालू राहतं, आणि एक दिवस डबा तसाच भरलेला आणि त्यावर मुंग्या. बस. पुढे कोणी त्या मांजराचं नावही काढत नाही. ह्याच्यावर लोकांनी काय काय तर्क लढवले, पण मला हा धागा तसाच सोडलेला आवडतो, कारण आपल्याला जे कळत नाही ते तिलाही कळत नाही, तिच्या एकटेपणात आपण बरोबर तिच्या शेजारी उभे असतो. तो सोडलेला धागा आहे, तुटलेला नाही.

तुटलेला म्हणजे कॅन्ससचा तो मिशीवाला. कितीतरी भागांच्या सुरुवातीला दोन-तीन मिनिटं तो दिसतो, घरांना अलार्म बसवणाऱ्या कंपनीचा माणूस, नाव कुठेच घेत नाहीत, कधी टेप गुंडाळतोय, कधी दोरीच्या गाठी मारतोय, कधी पिंपात कागद जाळतोय. होल्डन आणि बिल, सिरीजमधले दोन मुख्य एफबीआय एजंट, त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. दुसऱ्या सीझनमध्ये बिल कॅन्ससला जातो आणि हल्ल्यातून वाचलेल्या एका तरुणाशी गाडीत बसून बोलतो, तो मागच्या सीटवर आणि त्याची अट अशी की माझ्याकडे वळून बघायचं नाही, त्यामुळे तो अख्खा सीन आपण त्याचा चेहरा नीट न बघता ऐकत राहतो. अख्ख्या सिरीजमधला माझ्यासाठी सगळ्यात भारी सीन. आणि एवढं करून सीझन संपतो तेव्हाही मिशीवाला मोकळाच.

आता तो कोण हे गुपित नाहीये. डेनिस रेडर, बीटीके ह्या टोपणनावाचा खराखुरा खुनी. १९७४ ते १९९१ मध्ये कॅन्ससमधल्या विचिटा शहरात आणि आसपास दहा जणांना मारलं. खरंच अलार्म बसवायचा, म्हणजे शहरातले लोक ज्याच्या भीतीने घराला अलार्म लावून घेत होते तोच माणूस दारात हत्यारांची पेटी घेऊन. विचार केला तरी कसंतरी होतं. मग वर्षानुवर्षं गप्प. २००४ च्या जानेवारीत तिथल्या पेपरने पहिल्या खुनांना तीस वर्षं झाली म्हणून लेख छापला, आपल्यावर कोणीतरी पुस्तक लिहितंय हेही त्याला कळलं, आणि त्याला ते सहन झालं नाही, मार्चमध्ये त्याने स्वतःच परत पत्रं पाठवायला सुरुवात केली.

पुढचं तर असं आहे की कोणी पटकथेत लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं काहीही दाखवतात. त्याने पोलिसांनाच चिठ्ठी लिहून विचारलं की फ्लॉपी पाठवली तर तुम्हाला माग काढता येईल का, खरं सांगा, आणि उत्तर पेपरातल्या छोट्या जाहिरातीत द्या. पोलिसांनी जाहिरात दिली की काही प्रॉब्लेम नाही. त्याने फ्लॉपी पाठवली. त्यातल्या पुसलेल्या फाइलमध्ये चर्चचं नाव आणि डेनिस हे नाव, आणि हा त्या चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष. मुलीच्या एका जुन्या वैद्यकीय नमुन्यावरून डीएनए जुळवला आणि २५ फेब्रुवारी २००५ ला धरला. पकडल्यावर त्याने केन लँडवेर ह्या तपास अधिकाऱ्याला विचारलं की तुम्ही माझ्याशी खोटं का बोललात. दहा माणसं मारलेला माणूस हे विचारतो, आणि मनापासून विचारतो.

मग मला नक्की हळहळ कशाची वाटतेय ह्याचा आज भांडी घासताना विचार करत होते. गुन्हेगार कोण ते माहितीये, कसा सापडला तेही माहितीये. पण माइंडहंटरचा खरा प्रश्न तो नव्हताच. तुरुंगात जाऊन खुन्यांसमोर बसायचं, त्यांना बोलतं करायचं आणि त्यातून बाहेर मोकळा फिरणारा पुढचा ओळखायचा, हे जमतं का, हा प्रश्न होता. पहिला सीझन त्याची किंमत दाखवतो, होल्डनला वाटत असतं तुरुंगातला खुनी एड केम्पर आपल्याला उलगडलाय आणि शेवटी केम्पर त्याला मिठी मारतो तेव्हा हा तिथेच कोलमडतो. दुसऱ्यात अटलांटा शहरातले लहान मुलांचे खून येतात, संशयित वेन विल्यम्स सापडतो, पण १९८२ मध्ये त्याला शिक्षा झाली ती दोन प्रौढ माणसांच्या खुनासाठी, आणि ज्या आयांची लेकरं गेली त्या तिथेच उभ्या राहतात, फायली बंद आणि उत्तर नाही. म्हणजे 'हो, जमतं' ह्या उत्तराला धक्का बसलाय, आणि उरलेलं सगळं कॅन्ससवर येऊन थांबलंय.

आणि कॅन्ससचं उत्तर इतकं गुंतागुंतीचं आहे! खुनी कसा असेल ह्याचं एफबीआयवाले जे वर्णन बांधतात त्यावरून तो कोणालाच ओळखता आला नाही. तो शेजारी होता, बाप होता, चर्चला जाणारा होता. पकडलं फ्लॉपीने आणि डीएनएने. पण त्याला बोलतं ठेवा, एकच चेहरा कायम समोर ठेवा, त्याला महत्त्व वाटू द्या, हा सल्ला एफबीआयच्या वर्तन अभ्यासणाऱ्या लोकांचाच होता, आणि बोलत राहिला म्हणून तर फ्लॉपीपर्यंत आला. म्हणजे ऐकण्याचा उपयोग झाला, पण होल्डनला वाटत होतं तसा नाही. हे ह्या सिरीजइतकं नीट कोणी दाखवू शकलं नसतं, आणि सिरीज १९८१ च्या आसपासच थांबली. २००५ मध्ये बिल म्हातारा, कदाचित रिटायर झालेला, आणि त्याला रेडर पकडल्याची बातमी कळते, तो भाग मला बघायचा होता. बातम्या वाचून ती भूक भागत नाही.

तरी एक वेळ हे सोडून देईन. ब्रायनचं मला सुटत नाही.

बिलचा दत्तक मुलगा. मुळातच फार न बोलणारा. दुसऱ्या सीझनमध्ये मोठ्या पोरांबरोबर असताना एक छोटं मूल मरतं, आणि त्याला क्रूसावर ठेवूया हे सुचवणारा ब्रायन, कारण त्याला वाटलेलं की ते परत जिवंत होईल. तिथून तो मिटत जातो, अंथरूण ओलं करायला लागतो, बोलणं बंद. बिल आठवडाभर अटलांटात आणि सुट्टीला विमानाने घरी, दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांचे मारेकरी शोधायचे आणि रात्री आपल्या मुलाकडे बघून मनात नको ती शंका यायची, जी तो तोंडाने कधीच म्हणत नाही. शेवटी घरी येतो तर घर रिकामं. नॅन्सी, त्याची बायको, मुलाला घेऊन गेलेली. तिचा मला राग येत नाही, तिने तरी काय करायचं होतं.

रेडरचं काय झालं ते कोणीही शोधून वाचू शकतं. ब्रायनचं कुठेच लिहिलेलं नाही, कारण तो लिहिणाऱ्यांनी घडवलेला मुलगा, त्याचं पुढचं फक्त त्यांच्याकडेच होतं. कोणाच्या तरी वहीत तिसऱ्या सीझनची टिपणं पडली असतील तर मला सिरीज नको, ती दोन पानं वाचायला द्या. तो पोरगा पुन्हा बोलायला लागला का, आणि बिल त्याला भेटायला गेला का, एवढं सांगा.