लस टोचल्यानंतरचा अर्धा तास

मी आरोग्य सेविका आहे. कागदावर एएनएम, गावात सिस्टर नायतर नर्सबाई. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात एका उपकेंद्रावर काम करते. करोनाच्या काळात एवढे दंड बघितले की आता माणसाचा चेहरा विसरते पण दंड बघून ओळखेन असं घरचे चिडवतात. आणि एक गोष्ट तेव्हाच पक्की कळली, लस तीच, बाटली तीच, पण अंगाची तऱ्हा प्रत्येकाची निराळी.

जानेवारी २०२१ ला पहिल्यांदा आम्हा आरोग्यवाल्यांनाच दिली, कोविशिल्ड. मला रात्री अशी थंडी भरली की दोन गोधड्या घेऊनपण दात वाजायचे थांबेनात, सकाळी ताप आणि सांधे नुसते ठणकत होते. माझ्यासोबतच घेतलेल्या आशाताई मात्र त्याच संध्याकाळी चुलीपुढे भाकऱ्या थापत बसलेल्या. मार्चमध्ये साठीच्या वरच्यांचं सुरू झालं तेव्हा सासूबाईंना दिली, मी रात्रभर जागी, आता ताप येईल मग येईल, आणि त्या पहाटे उठून ज्वारी काढायला निघून गेल्या. नंतर ट्रेनिंगमध्ये कळलं की यात नवल काहीच नाही, कोविशिल्डचा त्रास तरण्यांना जास्त होतो म्हाताऱ्यांना कमी, आणि पहिल्या डोसला जास्त दुसऱ्याला कमी. पण गावात याचा उलटाच अर्थ निघाला. ज्याला ताप आला तो म्हणे लस लागू पडली, ज्याला नाही आला तो येऊन भांडायचा, सिस्टर मला पाणी टोचलं का? एक रिटायर गुरुजी तर चार दिवस रोज फोन करत होते की अजून काही होत नाही, दुसरी देता का. ताप येवो न येवो लस तिचं काम करते हे त्यांना पटवता पटवता मलाच ताप यायची वेळ आली.

बायका वेगळंच विचारायच्या, तेही कानात. एप्रिल २०२१ मध्ये तो मेसेज फिरत होता ना, पाळीच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस लस घेऊ नका म्हणून, त्याने निम्म्या बायका घरीच बसल्या. ते खोटं होतं. पण लसीनंतर पाळी पुढेमागे झाली असं सांगणाऱ्या बायका खऱ्याच होत्या, आणि तेव्हा त्यांना "तसं काही नसतं" असं उडवून लावलं गेलं ते मला अजूनही पटत नाही. पुढे अभ्यासात आलंच की थोडा फरक पडतो आणि परत जागेवर येतो. कुणाच्या काखेत गाठ आली, आठदहा दिवसात गेली. जूनमध्ये नाशिकच्या एका गृहस्थांच्या अंगाला लसीनंतर चमचे-नाणी चिकटतात अशी बातमी आली, अंनिसने सांगितलं की घामट त्वचेला गुळगुळीत वस्तू चिकटतात, लसीचा संबंध नाही. तरी आमच्या इथले एक आजोबा उपकेंद्रावर स्वतःची पळी घेऊन आले तपासायला. चिकटली नाही तर थोडे नाराजच झाले.

हसायला येतं आता, पण खरा धोका नव्हताच असं मी म्हणणार नाही. मे २०२१ मध्ये केंद्राच्या समितीने सांगितलं होतं की कोविशिल्डनंतर रक्ताच्या गुठळ्या झाल्याच्या २६ संभाव्य केसेस सापडल्या, म्हणजे दहा लाख डोसमागे एकसुद्धा नाही, ०.६१. आणि जूनमध्ये मान्य केलं की मार्चमध्ये लस घेतलेल्या एका ६८ वर्षांच्या माणसाचा मृत्यू अ‍ॅनाफिलॅक्सिसने म्हणजे तीव्र अ‍ॅलर्जीने झाला. आकडा छोटा आहे पण माणूस समोर बसलेला असतो तेव्हा तो आकड्यातला आहे का नाही हे कपाळावर लिहिलेलं नसतं. म्हणून टोचल्यानंतरचा तो अर्धा तास मी कधी हलक्यात घेतला नाही. एईएफआयचं म्हणजे लसीनंतरच्या त्रासासाठीचं किट, त्यात तीव्र अ‍ॅलर्जीवरच्या अ‍ॅड्रेनलिनचे अ‍ॅम्प्युल, हाताच्या अंतरावर पाहिजे म्हणजे पाहिजे.

आता त्या दिवसाचं सांगते.

३ जानेवारी २०२२ पासून पंधरा ते अठराच्या पोरांचं लसीकरण सुरू झालं, फक्त कोव्हॅक्सिन. त्याच आठवड्यात आमच्याकडच्या एका हायस्कूलमध्ये कॅम्प लागला, दहावी आणि अकरावी-बारावी. एसटीचा संप चालू होता त्यामुळे वाड्यावस्त्यांवरची पोरं चारपाच किलोमीटर चालत आलेली, कुणी चहावर कुणी तेवढ्यावरपण नाही. हॉलच्या मधोमध टेबल मांडलेलं. मी म्हटलं सर, आडोसा करा, एका दारातून आत दुसऱ्या दारातून बाहेर असं करा, पण हेडसरांना ग्रुपवर टाकायला फोटो पाहिजे होते. लाइनीतली पोरं टोचणाऱ्यांकडे टक लावून बघतायत, टोचून झालेली त्यांच्या समोरच बाकांवर बसतायत. सकाळची थंडी आणि वर पंखे चालू, कशाला ते देवाला माहीत.

सुरुवात झकास झाली. मुलांनी बाह्या वर करून बायसेप दाखवले, मुली हसल्या. मग साधारण अर्ध्या तासाने एक उंच पोरगी पाणी प्यायला उठली आणि दोन पावलं टाकून सरळ खाली. डोकं बाकाला लागता लागता वाचलं. मी सिरिंज टाकून पळाले. चेहरा पांढराफटक, कपाळावर गार घाम, नाडी बघितली तर एकदम हळू, पन्नासच्या आसपास. तिथेच माझा निम्मा जीव भांड्यात पडला. कारण अ‍ॅनाफिलॅक्सिस असेल तर नाडी जोरात पळते आणि हाताला बारीक लागते, अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वासाला शिट्टी वाजते आणि आडवं करूनपण माणूस सुधरत नाही. हिला आडवी केली, पाय दप्तरावर उचलून ठेवले, दोन मिनिटात डोळे उघडून विचारते, "मॅडम माझी चप्पल कुठंय?" साधी भोवळ होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

पण हे सगळं शंभरेक पोरांनी समोर बघितलं ना.

पाच मिनिटं गेली नाहीत तोवर दुसरी. ती पडली नाही, तिचा श्वास भराभर सुरू झाला, मग म्हणाली बोटांना मुंग्या येतायत, आणि बघता बघता दोन्ही हातांची बोटं आखडून आत वळली. मागून कुणीतरी ओरडलं लकवा मारला लकवा मारला! झालं. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्याने मुंग्या येतात, बोटं आखडतात, घाबरणाऱ्याला ते दिसलं की तो अजून घाबरतो आणि अजून भराभर श्वास घेतो. मी तिच्यासमोर मांडी घालून बसले, माझ्याकडे बघ, मी करते तसं कर, हळू आत, त्याहून हळू बाहेर. तिचं जरा जमायला लागलं तेवढ्यात तिसरीला उलटी, चौथी नुसतीच रडतेय, पाचवीचं डोकं गरगरतंय, खिडकीपाशी अजून दोघी खाली बसल्या. हॉलमध्ये नुसता कालवा. पोरं मोबाईल काढून शूटिंग करतायत.

आणि मग लाइनीतली एक पोरगी पडली. लाइनीतली! तिला अजून लस टोचलीच नव्हती. आमच्या आशाताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हिला हवेतनं लागली का काय?" त्या गोंधळात मला हसू फुटलं, पण खरं सांगते, त्या एका पोरीने मला सगळं स्पष्ट करून दिलं. बाटलीत दोष असता तर ही कशी पडली असती?

टोचणं तिथेच थांबवलं. एमओ सरांना म्हणजे आमच्या डॉक्टरांना फोन लावला, ते पीएचसीवरून, प्राथमिक आरोग्य केंद्रावरून, निघाले. पोरींना एकमेकींना दिसणार नाहीत असं वेगवेगळ्या वर्गात हलवलं, प्रत्येकीसोबत एक बाई, आणि बाईंना ताकीद की रडायचं नाही आणि "काय होतंय काय होतंय" असं सारखं विचारायचं नाही, गप्पा मारायच्या. पंखे बंद, मोबाईल गोळा. अंगणवाडी ताईंनी कुठून तरी बिस्किटांचे पुडे आणि साखरपाणी आणलं.

या सगळ्यात एक पोरगा, बारीकसा, शेवटच्या बाकावर गप्प बसून मान खाजवत होता. कुणाचं लक्षच नाही. मी जाता जाता विचारलं काय रे, तर म्हणाला काय नाय मॅडम, खाजतंय जरा. कॉलर बाजूला केली आणि पोटात गोळाच आला. मानेवर, छातीवर लालभडक गांधी. नाडी ११० च्या वर. श्वास मोकळा, ओठ ठीक, आवाज ठीक, बीपी बरोबर. अ‍ॅड्रेनलिन अर्धा मिली भरून हातात तयार ठेवलं, मांडीत द्यायचं असतं ते, आणि त्याच्याजवळून हलले नाही. सर आले, त्यांनी तपासून एव्हिलचं, अ‍ॅलर्जीवरचं, इंजेक्शन दिलं आणि लक्ष ठेवायला अ‍ॅम्ब्युलन्सने ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. अ‍ॅड्रेनलिनची गरज पडली नाही. संध्याकाळपर्यंत पुरळ उतरलं. त्या सगळ्या दिवसात लसीची म्हणावी अशी खरी रिअ‍ॅक्शन ती एकच, आणि ती ओरडलीसुद्धा नाही.

तोवर गेटवर आईबाप. व्हिडिओ गावात पोचला होता, त्यात सात-आठ पोरी मेल्या इथपर्यंत बातमी गेलेली. एकजण बाटली मागत होता, तारीख बघायची म्हणून, कारण त्याच दिवसांत मुलांना मुदत संपलेली लस देतायत असा मेसेज फिरत होता. मी बाटली दाखवली. मुदतीचं काय झालं होतं तेपण सांगितलं, की कोव्हॅक्सिनची मुदत आधी ९ महिने होती, ऑक्टोबरमध्ये तपासून १२ महिने केली, म्हणून काही बाटल्यांवर नवीन लेबल लावलंय. त्याचं पूर्ण समाधान झालं नाही, पण आवाज खाली आला. उंच पोरीची आई मात्र माझ्या तोंडापुढे बोट नाचवत होती, "ओ सिस्टर, माझ्या पोरीला काय झालं असतं तर तुम्ही देणार होता का भरून?" काय बोलणार. म्हटलं ताई, आधी आत या, पोरगी बिस्कीट खातीय, बघा तर खरं.

आणि इकडे एक सर स्टाफरूममध्ये सांगत होते, नाटकं आहेत सगळी, बोर्डाचा अभ्यास नको म्हणून. त्यांच्यावर माझा आवाज चढला. नाटक करून नाडी पन्नासवर आणून दाखवा म्हटलं सर. भीतीने जे होतं ते शरीरातच होतं, पोरगी खोटं बोलत नसते. आमच्या फॉर्ममध्येसुद्धा लसीनंतरच्या त्रासाच्या कारणांत भीतीमुळे, ताणामुळे झालेला त्रास असा वेगळा प्रकार आहे. एमओ सरांनी त्यांना जॉर्डनचं सांगितलं, १९९८ साली तिथे शाळेत धनुर्वात-घटसर्पाची लस दिल्यावर आठशेच्या वर पोरांना त्रास झाला, सव्वाशेच्या आसपास दवाखान्यात भरती केली, आणि बहुतेकांच्या बाबतीत निघालं काय तर हेच.

मला राहून राहून वेगळंच आठवत होतं. यातल्या बऱ्याच पोरांना मीच गोवर-रुबेलाची लस टोचली होती, नोव्हेंबर २०१८ च्या मोहिमेत, याच शाळेत याच हॉलमध्ये. तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती, एकदोघं रडली, बाकीची चॉकलेट घेऊन पळाली. मग मधे काय बदललं? जवळजवळ दोन वर्षं शाळा कधी बंद कधी चालू, मोबाईलवर रोज मेलेल्यांचे आकडे, कुणाचे आजोबा गेलेले, कुणाचे वडीलच. उंच पोरीचे चुलते दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन बेड मिळेपर्यंत गेले, हे तिच्या आईने नंतर आत बसल्यावर सांगितलं, पाणी पिता पिता, मघाचा राग उतरल्यावर. आणि वरून बोर्डाची परीक्षा ऑनलाइन का ऑफलाइन तेपण नक्की नाही. एवढं सगळं घेऊन पोरगी उपाशीपोटी चालत येते, आम्ही म्हणतो सुईला काय घाबरायचं.

संध्याकाळी सगळ्या पोरी घरी गेल्या, मी फॉर्म भरत बसले. आठवडाभर फोन सुरू होते. दंड दुखतो, कुणाला ताप. कोव्हॅक्सिननंतर उगीच पॅरासिटामॉल देऊ नका असं कंपनीनेच त्या आठवड्यात सांगितलं होतं, पण आईबापांना गोळी हातात पडल्याशिवाय चैन पडत नाही, मग ओल्या फडक्याने पुसा, पाणी पाजा, ताप वाढला तरच मला फोन करा, हे किती जणींना सांगितलं असेल.

पुढच्या शाळांत मात्र मी आधी जाऊन हॉल बघायचे. टोचायची जागा साडीच्या आडोशाला, लाइनीला पाठ करून. टोचून झालेली पोरं दुसऱ्या खोलीत, बाकावर नाही, सतरंजीवर, म्हणजे पडली तरी पडून पडून कुठे पडणार. नाश्ता केला का हे नावाच्या आधी विचारायचं, नसेल तर पहिलं बिस्कीट. आणि जे आधी कधी चक्कर येऊन पडलेत त्यांना शेवटी आणि झोपवूनच. हेडसर फोटोचं म्हणालेच तर लस झाल्यावर बाहेर झाडाखाली काढा. भोवळ एखाददुसरीला यायचीच, पण पुन्हा तसा कालवा झाला नाही.

२८ दिवसांनी दुसऱ्या डोसला त्याच शाळेत गेलो तर ती उंच पोरगी नव्हती. आशाताई घरी जाऊन आल्या, आई म्हणाली परीक्षा होऊ दे मग बघू. मी जोर केला नाही. १५ मार्चपासून दहावीचे पेपर झाले, एप्रिलमध्ये एक दिवस मायलेकी दोघी उपकेंद्रावर हजर. पोरीने स्वतःच विचारलं, मॅडम आडवी पडून घेऊ का? म्हटलं घे की. टोचलं, अर्धा तास टेबलावर पडल्या पडल्या ती मला इंग्रजीचा पेपर किती अवघड होता ते सांगत होती आणि आई भिंतीवरचा तक्ता वाचत होती. दुसऱ्या दिवशी फोन आला, मॅडम हात वरच जात नाही. म्हटलं दोन दिवस जाणार नाही, तोवर वेणी आईकडून घालून घे.