पाट धरून पिंपळनेर ते दातर्ती

धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीचे फड, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर मिळून भिजवायच्या शेतांचे पट्टे, शाळेत असल्यापासून ऐकून होतो. बंधाऱ्यावरून निघायचं, पाटाच्या काठाने पाण्यासोबत खाली चालत जायचं आणि परतीला एसटी धरायची, हे बरेच दिवस मनात होतं. यंदा पौषात जमलं. सकाळी पिंपळनेरला उतरलो आणि सामोड्याच्या अंगाने चालायला लागलो.

इथे एकच लांब कालवा नाही. प्रत्येक बंधाऱ्याला त्याचा पाट आणि त्याचे फड. नदीच्या खडकावर दगडचुन्याची ठेंगणी भिंत, तिच्या बगलेतून निघालेला पाट, आणि शेतं भिजवून उरलेलं पाणी पुन्हा नदीत. तेच पाणी खालचा बंधारा अडवतो. त्यामुळे एक पाट संपला की पात्रात उतरायचं, काठाकाठाने पुढचा बंधारा गाठायचा आणि नवा पाट धरायचा. तीन-चारशे वर्षांपासून पाण्याचा प्रवास असाच चाललाय. मला तरी याहून चांगली वाट माहीत नाही.

चालायला पाटाचा बांध अरुंद. एका बाजूला ऊस, दुसरीकडे गहू, मधेच बाभळीचे काटे. जाड तळाचे बूट हवेतच. बांध शेतकऱ्यांचा, म्हणून भेटेल त्याला विचारूनच पुढे गेलो. कुणी अडवलं नाही. "पाट धरीसन चाला भाऊ," एवढंच सांगायचे.

कासाऱ्याच्या अलीकडे एका बाऱ्यावर, म्हणजे पाटातून चारीत पाणी सोडायच्या जागी, बराच वेळ थांबलो. एक म्हातारे बाबा फावड्याने चिखल आणि पाचट ओढून चारीचं तोंड बुजवत होते. वरून पायाने दाबलं, झिरपणारी एक धार राहिली होती तिथे मूठभर गवत कोंबलं, आणि पाणी वळून पुढच्या चारीत शिरलं. पूर्वी हे काम पाटकऱ्याचं. पाणी वाटायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, दोघांवर नजर ठेवायला हवालदार, आणि यांची नेमणूक शेतकरीच करायचे. एका फडात एकच पीक, आणि शेतकऱ्याचे तुकडे वेगवेगळ्या फडांत. पाणी कमी पडलं तर अख्खा फड पडीक ठेवायचा, म्हणजे झळ सगळ्यांना सारखी बसते. दुष्काळात भांडणं कशी होतात ते मी पाहिलंय, त्यामुळे या हिशोबाबद्दल मला फार आदर वाटतो.

दुपारी कळण्याची भाकरी, ठेचा आणि पाटाकडेची सावली. मुक्काम कासाऱ्याला, ओळखीच्या घरी.

दुसऱ्या दिवशी मालपुरावरून दातर्ती. इथे यायचंच होतं. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नव्याने लागलेल्या इंजिनियर विश्वेश्वरय्यांना खानदेशात पाठवलं, आणि पांझरेच्या एका प्रवाहाखालून नळाने पाणी पलीकडे नेण्याचं काम दिलं. हा सायफन त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी. पलीकडचं तोंड अलीकडच्यापेक्षा थोडं खाली ठेवलं की पाणी नळातून खाली उतरतं आणि पलीकडे आपोआप वर येतं, पंप लागत नाही. मधे पुराने काम अडवलं होतं, तरी त्यांनी ते पुरं केलं. ज्या पांझरेच्या पुराने धुळ्यालाही दाणादाण उडते, तिच्या पोटाखालून पाणी न्यायचं म्हणजे छातीचं काम.

दातर्तीच्या पुढे अक्कलपाड्याच्या धरणाचं पाणी लागतं, म्हणून पाटाची वाट इथेच सोडली. हमरस्त्यावर येऊन धुळ्याची गाडी धरली. धरणाखाली नेर-कुसुंब्याकडचे फड आहेत, तो टप्पा उन्हं चढायच्या आत करायचाय.