खिशातल्या नोडचा अँटेना: केबलनं फसवलं, रव्याच्या डब्यानं खरं सांगितलं

मंडळी, मागच्या नोंदीत 'अँटेना पहिल्याच फटक्यात जमला' असं लिहून मोकळा झालो होतो. ते शब्द परत घेतो. अँटेना जमला नव्हताच, जमली होती ती केबल.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. ट्रेकला न्यायचा, खिशात मावेल असा लोरा नोड (थोड्या विजेवर छोटे संदेश लांबवर पाठवणारं रेडिओ-यंत्र) बनवतोय. आपल्याकडे 865 ते 867 मेगाहर्ट्झमध्ये ठरलेल्या मर्यादेत परवान्याशिवाय काम करता येतं, म्हणून मधला 866 धरला. तरंगलांबी 346 मिलिमीटर, तिचा पाव भाग साडेशहाऐंशी. एवढी सरळ काडी बाहेर काढली तर प्रश्नच मिटतो, पण ती सॅकच्या बंदात अडकते आणि दुसऱ्या ट्रेकला मोडते (अनुभव आहे). म्हणून 40 बाय 90 मिलिमीटरच्या एफआर-4 (फायबरग्लासच्या सर्किट) बोर्डाचं वरचं 10 मिलिमीटर तांबं काढून टाकलं आणि तिथे उलट्या 'एफ'चा अँटेना नागमोडी बसवला. एक टोक ग्राउंडला (बोर्डावर उरलेल्या तांब्याला), त्याच्यापासून 3 मिलिमीटरवर फीड (रेडिओचा सिग्नल आत शिरतो ती जागा), बाकीचा हात वळणं घेत पुढे.

तर मागच्या वेळी नॅनो-व्हीएनएवर (अँटेनाकडून किती सिग्नल परत फिरतो याचा आलेख काढणाऱ्या छोट्या यंत्रावर) बरोबर 866 ला उणे 27 डीबीचा सुंदर डिप, म्हणजे खळगा, दिसला होता; डिप जितका खोल, तितका परत फिरणारा सिग्नल कमी. या रविवारी सहज केबल जरा बाजूला सारली आणि डिप 20 मेगाहर्ट्झ सरकला. केबल मुठीत धरली तर डिप उथळ झाला. अँटेनाला मी हातही लावलेला नव्हता!

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. पाव तरंगलांबीचा अँटेना एकटा काम करत नाही, समोरचं ग्राउंड हा त्याचा दुसरा अर्धा भाग असतो. माझं ग्राउंड 80 मिलिमीटर, म्हणजे पावाला किंचित कमीच. मग करंट वाट फुटेल तिकडे जातो, आणि केबलची बाहेरची जाळी त्याला आयती मिळाली. मी मोजत होतो तो माझा अँटेना अधिक वीतभर केबल. खरा नोड बॅटरीवर चालणार, त्याला केबल कुठली असणार?

केबलवर बोर्डाला अगदी खेटून तीन फेराइट (जाळीवरचा करंट अडवणारे मणी) चढवले आणि केबल ग्राउंडच्या मधून काटकोनात बाहेर काढली. खरं चित्र समोर आलं: डिप 815 ला, तोही जेमतेम उणे 7. वाईट वाटलं, पण आता केबल हलवली तरी आलेख जागचा हलत नव्हता. मोजमाप वाईट आलं तरी चालेल, विश्वासाचं हवं.

मग ब्लेड घेऊन बसलो. हाताचं टोक मिलिमीटरभर खरवडलं की डिप साधारण 8 मेगाहर्ट्झ वर जातो. पण 866 ला थांबायचं नाही. नोड 2 मिलिमीटर जाडीच्या एबीएस खोक्यात जाणार आणि ते प्लॅस्टिक डिप पुन्हा 14 मेगाहर्ट्झ खाली ओढतं. म्हणून उघड्या बोर्डावर 880 पर्यंत चढवलं, 8 मिलिमीटर तांबं गेलं. नंतर फीड ग्राउंडच्या टोकापासून लांब नेला, 3 वरून 5 मिलिमीटरच्या जरा अलीकडे. एवढ्यानं अँटेनाचा रोध 19 ओमवरून 48 वर आला (रेडिओशी मॅच व्हायला, म्हणजे जुळायला, 50 हवा असतो). मॅचिंगसाठी पाय-नेटवर्कच्या, म्हणजे तीन सुट्या भागांच्या, जागा ठेवल्या होत्या, त्यातल्या दोन रिकाम्या आणि एकात शून्य ओमचा जंपर. सुटे भाग घालून मॅच साधण्यापेक्षा अँटेनाच्या आकारातूनच साधलेला बरा, कारण छोट्या इंडक्टरमध्येही डीबीचा हिस्सा जळतो.

आता ज्याच्यासाठी ही नोंद लिहायला घेतली ते. डिप खोल आहे म्हणजे अँटेना चांगला, असं आपण सगळेच धरून चालतो. पण 50 ओमचा साधा रेझिस्टर लावून बघा, याहून खोल डिप मिळेल, आणि एक कणही हवेत जाणार नाही. 1947 मध्ये व्हीलर या रेडिओ-अभियंत्यानं आणि 1948 मध्ये चू या संशोधकानं दाखवून दिलं की अँटेना जितका आखडावा तितकी त्याची बँडविड्थ, म्हणजे तो नीट चालतो तो फ्रिक्वेन्सींचा पट्टा, आखडते. आकार लहान असूनही पट्टा रुंद मिळाला तर खुश व्हायच्या आधी शंका घ्यावी, बहुतेक वेळा कुठेतरी उष्णता होत असते. माझा उणे 10 डीबीचा पट्टा (आलेख त्या रेषेच्या खाली राहतो तेवढी रुंदी) 22 मेगाहर्ट्झ आला होता, म्हणून शंका आलीच.

तपासायची युक्तीही व्हीलरचीच. अँटेनावर धातूचं भांडं झाकायचं. प्रारण, म्हणजे हवेत जाणारी ऊर्जा, कोंडलं जातं, उरतो तो फक्त तोट्याचा रोध. आईचा रव्याचा स्टीलचा डबा घेतला, 18 सेंटीमीटर व्यासाचा आणि 20 उंच. एवढ्या डब्याचा स्वतःचा अनुनाद (रेझोनन्स) बाराशे मेगाहर्ट्झच्या पुढे आहे, त्यामुळे 866 ला तो मध्ये येत नाही. बुडाला केबलच्या एसएमए कनेक्टरसाठी भोक पाडलं (परवानगी नंतर घेतली). उघड्यावर 48 ओम, डब्यात 21. म्हणजे 48 पैकी 27 ओम प्रारणाचे, कार्यक्षमता 56 टक्क्यांच्या आसपास, अडीच डीबीचा तोटा. उलट्या 'एफ'ला हे साधं गणित तंतोतंत लागू होत नाही, तेव्हा हा आकडा अंदाज म्हणूनच धरा.

शनिवारी अजिंक्यताऱ्यावर गेलो. घराच्या गच्चीवर दुसरा नोड ठेवला होता, मध्ये अडथळा नाही. दगडावर ठेवून पन्नास-पन्नास पॅकेट पाठवली: पोचलेल्या सिग्नलची सरासरी ताकद काडीच्या अँटेनाची उणे 88 डीबीएम, माझ्याची उणे 91, म्हणजे तीनच डीबी कमी. डब्याचं गणित वाऱ्यावर गेलं नव्हतं तर! पण नोड हातात धरला आणि उणे 97.

हाच तो जुना रोग. 2010 मध्ये आयफोन 4 चा डाव्या खालच्या कोपऱ्यातला अँटेनाचा सांधा तळव्यानं झाकला की सिग्नल पडायचा, आणि शेवटी ॲपलला फुकट बंपर (कडेची कव्हरं) वाटावे लागले होते. माझ्याकडे तसा उघडा सांधा नाही, तरी बोट टोकावर आलं की डिप 840 च्या खाली जातो. उलट्या 'एफ'मध्ये सगळ्यात जास्त व्होल्टेज मोकळ्या टोकाला असतं आणि माझं मोकळं टोक नेमकं तर्जनी टेकते त्या कोपऱ्यात आहे. पुढच्या बोर्डावर अख्खा अँटेना आरशात पाहिल्यासारखा उलटवतोय, म्हणजे तिथे ग्राउंडचं टोक येईल. खोक्यालाही त्या बाजूनं 4 मिलिमीटरची पोकळी ठेवतोय. 18650 सेल सध्या अँटेनापासून 12 मिलिमीटरवर आहे, तो आणखी खाली सरकवता आला तर बघतो.

डबा मात्र आता माझ्याच टेबलावर असतो. भोक बुजवून देतो म्हटलं, तर आई म्हणाली, "राहू दे, त्यात आता तुझे स्क्रूच भर."