गारगोटी उन्हात फिरवून बघा

शाळेत प्रतल शिकवलं भूमितीच्या सरांनी, आरसा अन् परावर्तन विज्ञानाच्या मॅडमनी, अन् स्फटिक म्हणलं की प्रयोगवहीतलं मोरचूद. तीन वेगळ्या वह्या. हे तिन्ही एकाच दगडात बसलेले असतात हे कुणी सांगितलंच नाही, अन् तो दगड आपल्या मराठवाड्यात विहीर खांदली की डबरात निघतो, लेकरं खिशात घालून फिरतात, आपण त्याला सरसकट गारगोटी म्हणतो अन् मोकळे होतो.

सरसकट म्हणणं तसं बरोबर नाही. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा पसरला, त्यात वायूचे बुडबुडे अडकले, लाव्हा थिजला अन् पोकळ्या राहिल्या. मग खडकातून झिरपणाऱ्या पाण्यातून त्या पोकळ्यांमधे खनिजं सावकाश वाढत गेली. क्वार्ट्झ, कॅल्साइट, स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट, सगळी वेगवेगळी. अजिंठा-वेरूळला गेलात तर हातात घेऊन मागं लागणारे विक्रेते भेटतातच.

माझ्याकडं कॅल्साइटचा एक ढेकळाएवढा तुकडा आहे. भाचा म्हणला, "मामा, याला पॉलिश केलंय का हो?" म्हणलं नाही बाबा, हातोडीनं फोडलाय. खरं नाही वाटलं त्याला. मग अंगणात उन्हात नेऊन दाखवलं. फुटलेली बाजू एकसंध नसते, बारक्या पायऱ्या पायऱ्या असतात, काही वर काही खाली, पण तुकडा हळूहळू फिरवला की एका ठराविक कोनात त्या सगळ्या पायऱ्या एकदमच चमकतात अन् जरा हललं की सगळ्या एकदमच विझतात. म्हणजे त्या सगळ्या एकमेकींना समांतर आहेत, उंची वेगळी असली तरी. बाटलीची काच फोडून बघा, तिथं चमक वाकड्या पृष्ठावरून सरकत जाते, अशी एकदम पेटत नाही. कॅल्साइट कितीही वेळा फोडा, त्याच तिरक्या पेटीसारखे तुकडे निघतात, पृष्ठांमधले कोन तेच, 75 अन् 105 अंशाच्या आसपास.

फ्रान्समधे हाउई नावाचे एक पाद्री होते, त्यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी हेच बघून म्हणलं की आत बारक्या सारख्या विटा रचलेल्या असणार. विटा म्हणणं पुढं टिकलं नाही, पण आत रचना आहे हे टिकलं. अन् मला यातलं सगळ्यात आवडतं ते 1809 चं, वोलास्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं केलेलं उपकरण. स्फटिकाचा एक चेहरा, म्हणजे सपाट बाजू, आरसा म्हणून वापरायचा, त्यात एखादी वस्तू दिसली की स्फटिक फिरवायचा, दुसऱ्या चेहऱ्यात तीच वस्तू त्याच जागी दिसली की थांबायचं, किती अंश फिरवलं त्यावरून दोन चेहऱ्यांमधला कोन काढायचा. स्फटिक डाळीएवढा असला तरी चालतंय! भूमिती, आरसा, स्फटिक, तिन्ही वह्या एका टेबलावर.

पुढं 1912-13 ला ब्रॅग नावाच्या शास्त्रज्ञ बापलेकांनी हेच एक्स-रेवर लावलं, बाहेरच्या चेहऱ्याऐवजी आतले अणूंचे थर. याला पण परावर्तनच म्हणतात, पण घरातला आरसा कुठल्याही कोनातून आलेला प्रकाश परत पाठवतो, हे थर ठराविक कोनातच पाठवतात, अन् त्या कोनावरून थरांमधलं अंतर निघतं. 1915 चं नोबेल मिळालं तेव्हा पोरगा 25 वर्षांचा होता, वडिलांसोबत वाटून मिळालं.

परावर्तनाला पृष्ठ गुळगुळीत लागतं हे लेण्यांतपण कळतं. अंधाऱ्या लेण्यात आरसा धरून ऊन आत पाडायची जुनी पद्धत होती, आरशानं एकाच जागी झोत पडतो, पांढरं कापड धरलं की सगळीकडं मंद पसरतो. ऊन तेच.

एक गंमत राहिलीच. क्वार्ट्झचा सहा बाजूंचा खांब बघितला की वाटतं याला मधोमध उभा आरसा लावला तर दोन्ही अर्धे हुबेहूब जुळतील. नाही जुळत. आतली रचना मळसूत्रासारखी पिळलेली असते, म्हणून क्वार्ट्झ डावा अन् उजवा असा दोन प्रकारचा मिळतो. बाहेरून बहुतेक वेळा कळत नाही. अन् क्वार्ट्झ फुटतो मात्र काचेसारखाच वेडावाकडा, त्यामुळं त्याची वाढलेली मूळ पृष्ठं बघायची, फुटलेली नाही.

आता कुणी घ्यायलाच निघालं असेल तर, भडक गुलाबी-निळा रंग दिसला की शंका घ्या, रंगवलेले तुकडे बाजारात असतात. ॲपोफिलाइट असेल तर वरचं टोक अन् बाजू उन्हात एकेक करून धरा, सपाट टोकावर मोत्यासारखी झाक असते, बाजूंवर काचेसारखी, कारण त्याचे थर आडवे अन् तो तिथूनच सहज सुटतो. म्हणून खिशात किल्ल्यांसोबत टाकू नका. अन् भाव सांगतील त्याच्या निम्म्यापासून बोलायला लागा.