पहिल्या बाकावर बसवले, म्हणजे झाले?

मध्य रेल्वेच्या रुळांना लागून असलेल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी गेली एकोणीस वर्षे शिकवत आहे. काही वर्षांपूर्वी दोन्ही कानांना श्रवणयंत्रे लावलेली एक मुलगी माझ्या पाचवीच्या वर्गात आली, तेव्हा मी स्टाफरूममध्ये पहिले वाक्य उच्चारले ते "अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात ना?" हे. त्यात कोणालाच काही वावगे वाटले नाही, उलट दोघीतिघींनी माझ्याविषयी सहानुभूती व्यक्त केली. मुलीविषयी नव्हे, माझ्याविषयी.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 प्रमाणे दोन्ही कानांची श्रवणहानी 60 ते 70 डेसिबल असेल, तर ते मूल 'ऐकू कमी येणारे' ठरते आणि त्याला भेदभाव न करता प्रवेश देणे मान्यताप्राप्त शाळांवर बंधनकारक आहे. प्रवेश तर आम्ही दिला. पण ज्याला मुळीच ऐकू येत नाही त्याची अडचण शिक्षकांना निदान दिसते. ज्याला अर्धेमुर्धे ऐकू येते, ते मूल मात्र हाक मारल्यावर कधी वळते, कधी वळत नाही, आणि मग "सोयीचे तेवढे बरोबर ऐकू येते हिला" असा शेरा बसतो. मीही तो मारलेला आहे.

माझी समजूत अशी होती की तिला पहिल्या बाकावर बसवले आणि आवाज चढवला, की आपले कर्तव्य संपले. एकदा श्रुतलेखनाच्या वह्या तपासताना तिच्या वहीत "व्यापाऱ्याने पाल उतरवला" असे वाक्य आढळले. मी 'माल' म्हटले होते. त्याखालच्या तीन ओळी कोऱ्या होत्या. नीट आठवून पाहिले तेव्हा लक्षात आले की त्या तीन ओळी मी बाकांमधून फिरत, तिच्या पाठीमागे जाऊन वाचल्या होत्या. प, ब आणि म हे तिन्ही उच्चार ओठांवर सारखेच दिसतात, हे मला त्यानंतर वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग या वाचा-श्रवणदोषांसाठीच्या संस्थेत शिकलेल्या एका विशेष शिक्षिकेने सांगितले. चष्मा लावला की स्पष्ट दिसते, तसे श्रवणयंत्राचे नसते; ते माझ्या आवाजासोबत पंख्याची घरघर, बाकांची खरखर आणि जाणारी लोकलही मोठी करते, शिवाय बोलणारा चार पावले दूर गेला की त्याचा उपयोग झपाट्याने घटतो. ओरडून बोलल्याने तर ओठांचा आकारच बिघडतो. एवढे साधे ज्ञान मला डी.एड.ला कोणी दिले नव्हते.

सहकाऱ्यांना निर्दय म्हणण्याची माझी तयारी नाही. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला असताना माझ्या वर्गाचा पट शेहेचाळीस होता, पोर्शनचा धाक वेगळाच, आणि विशेष शिक्षिका महिन्यातून एखाद्या वेळी फिरकणार. तरीही फळ्याकडे तोंड करून बोलू नये, उत्तर देणाऱ्या मुलाचे वाक्य पुन्हा म्हणावे, गृहपाठ फळ्यावर लिहावा, यासाठी पट कमी होण्याची वाट पाहावी लागत नाही. 'समजले का?' असे विचारणे मी सोडून दिले, कारण त्यावर ती नेहमी मान डोलावत असे; यंत्राचा सेल संपलेला असला तरीही. त्याऐवजी मी तिला 'काय समजले ते सांग' म्हणू लागले, आणि मग बाकीच्या पंचेचाळीस जणांपैकीही किती जण नुसतीच मान डोलावत होते, ते उघड झाले.

जूनमध्ये ती सहावीत गेली. शाळा सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तिचे नवे वर्गशिक्षक मधल्या सुट्टीत माझ्याकडे आले. वेगळ्या शाळेचा विषय निघणार, असे मी धरूनच चालले होते. त्यांनी विचारले, "बाई, त्या यंत्राचे सेल कुठे मिळतात? एक पाकीट माझ्या खणात ठेवावे म्हणतो."