सरांचं विकिपीडियावर पान का होत नाही?

“सरांचं एवढं मोठं काम, तरी पान उडवलं कसं?” विकिपीडियावर लिहिणाऱ्यांना हा प्रश्न नेहमीचाच. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर.

काम किती मोठं, हे तिथे कुणी मोजत नाही. सरांशी काही देणंघेणं नसलेल्या लोकांनी त्यांच्यावर विश्वासार्ह ठिकाणी भरपूर लिहिलंय का, एवढंच बघतात. याला म्हणतात उल्लेखनीयता. प्रत्येक भाषेतल्या विकिपीडियाचे नियम तिथले संपादक ठरवतात. इथे इंग्रजीचे सांगतोय, कारण बहुतेकांना पान तिथेच हवं असतं.

कात्रणांची फाईल उघडा. संस्थेचं संकेतस्थळ, गौरव अंक, आत्मचरित्र, पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा परिचय, सगळं बाजूला ठेवा. वाढदिवसाची पुरवणीही काढा. ती जाहिरातीच्या पैशांवर निघते, हे तिथल्या जुन्या संपादकांना चांगलं ठाऊक असतं. मुलाखतीत माणूस स्वतःविषयी स्वतःच बोलतो, तेव्हा पत्रकाराने आपणहून शोधून लिहिलेला भाग तेवढा धरायचा. एकाच वृत्तसंस्थेची बातमी दहा दैनिकांत आली, तरी ती एकच. आणि “व्यासपीठावर प्राचार्य अमुक, सरपंच तमुक उपस्थित होते” या छापाच्या पन्नास बातम्या असल्या, तरी हाती शून्य.

उरलेल्यांतली तीन दमदार कात्रणं निवडा. तीनच. चाळीस संदर्भ लावलेला मसुदा दिसला की तपासणाऱ्याला उलट शंका येते. प्रत्येक लेख सविस्तर आहे का, त्रयस्थाचा आहे का, छापणारं ठिकाण भरवशाचं आहे का, हे पाहा. तिन्ही गुण एकाच लेखात हवेत, आणि नेमकं इथेच गाडं अडतं: एक लेख पानभर, पण शिष्याने लिहिलेला, दुसरा परक्याचा, पण दोन ओळींचा. या दोघांची बेरीज होत नाही. तिन्ही गुण असलेले दोन-तीन लेख निघाले आणि केवळ त्यांच्या आधारे शिक्षण, काम, कामावरची टीका असं अर्धं पान लिहिता आलं, तर पुढे जायला हरकत नाही. कात्रणं मराठी असोत, नेटवर नसोत, चालतात. फक्त दैनिकाचं नाव, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक नीट द्या.

काही क्षेत्रांचे निकष निराळे. विधानसभेच्या २८८ किंवा विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी एकीवर बसलेली व्यक्ती पात्र धरतात. पडलेला उमेदवार, नगरसेवक, सरपंच यांना तसा लाभ नाही. खेळाडूंना पूर्वी वरच्या पातळीवरचा एखादा सामनाही पुरायचा, २०२२ मध्ये ती सोय गेली. प्राध्यापकांच्या बाबतीत इतरांनी त्यांचं संशोधन किती वापरलं, मोठ्या विद्वत्संस्थेचं अध्यक्षपद होतं का, हे पाहतात.

तरीही चुका होतात. कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड यांच्यावरचा मसुदा मे २०१८ मध्ये संदर्भ अपुरे म्हणून परत गेला. २ ऑक्टोबरला त्यांना नोबेल जाहीर झालं आणि त्याच दिवशी पान उभं राहिलं. वास्तविक २०१३ मध्येच त्या ऑप्टिकल सोसायटी या प्रकाशशास्त्रातल्या मोठ्या विद्वत्संस्थेच्या अध्यक्ष होत्या. वरचा निकष लावला असता, तर नोबेलची वाट पाहावी लागली नसती. मुळात बायकांवर छापूनच कमी येतं. इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रांत स्त्रियांची चरित्रं जेमतेम वीस टक्के आहेत. तमासगीर, शाहीर, कीर्तनकार यांचीही तीच गत: गावोगाव नाव, पण कागदावर ओळ नाही. हा अन्यायच आहे, पण छापील आधाराशिवाय लिहू दिलं तर उद्या कुणीही कुणाचीही आरती ओवाळेल.

सरांनी स्वतः किंवा त्यांच्या मुलाने पान लिहू नये. पैसे घेऊन लिहिणाऱ्याने तसं जाहीर करणं २०१४ पासून वापराच्या अटींतच आहे. ‘पान हमखास टिकवून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. मसुदा तपासणीच्या रांगेत टाका. परत आला, तर शेरा वाचून सुधारा. सहा महिने कुणी हात लावला नाही, तर तो पुसला जातो.

आणि तीन कात्रणं निघालीच नाहीत, तर सरांनी उभ्या केलेल्या शाळेचं किंवा गावाचं पान आहे का पाहा. तिथे एका चांगल्या संदर्भासह त्यांच्याबद्दल दोन वाक्यं घालता येतात, आणि त्यासाठी उल्लेखनीयतेची अट नाही.