सिटी रोडवरचं वेस्लीचं चॅपल

लंडनला कोणी पाहुणे आले की टॉवर ब्रिज, बकिंगहॅम पॅलेस वगैरे ते आपले आपण बघतात, मी मात्र त्यांना ओल्ड स्ट्रीट स्टेशनला उतरवून सिटी रोडवर नेतो. तिथे मेथडिस्ट हा ख्रिस्ती पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीचं चॅपल आहे, १७७८ ला उघडलेलं. मेथडिस्ट लोकांसाठी हे मूळपीठच म्हणा ना. शेजारी वेस्लीचं घर, मागे त्याची समाधी, आणि रस्ता ओलांडला की बनहिल फील्ड्सचं जुनं कब्रस्तान, जिथे त्याची आई सुझॅना आहे आणि कवी विल्यम ब्लेकसुद्धा. मार्गारेट थॅचरचं लग्न इथे झालं होतं, १९५१ मध्ये, हे सांगितलं की पाहुणे एकदम खूश.

पण मला आवडतं ते रविवारी तिथे जाणं. मी ख्रिश्चन नाही, तरी कोणी विचारत नाही की तू इथे कसा. दारात कोणीतरी हसून हात मिळवतं, गीतांचं पुस्तक हातात देतं, शेजारी बसलेली घानाची किंवा कॅरिबियनमधली एखादी आजी पान काढून दाखवते आणि उपासना संपली की चहाला थांबायचंच असा आग्रह. आणि गातात काय खणखणीत! जॉनचा भाऊ चार्ल्सने सहा हजारांच्या वर गीतं लिहिली, त्यामुळे गायला तोटा नाही.

आता हा नुसता चांगुलपणा आहे असं मला आधी वाटायचं. पण त्यांचा इतिहास वाचला आणि लक्षात आलं की यामागे चक्क हिशोबाची वही आहे. झालं असं की १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या त्यांच्या सभागृहावर कर्ज होतं, ते फेडायचं कसं म्हणून सगळे जमले. एकाने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची. दुसरा म्हणाला अहो पण कित्येक जण गरीब आहेत, त्यांना एवढंही जमणार नाही. तर पहिला म्हणाला, सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन आणि ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी भरीन. म्हणजे आपल्या भिशीसारखंच, फक्त इथे नंबर कोणाचा लागत नाही.

मजा पुढेच आहे. पेनी गोळा करायला दारोदार फिरताना त्यांना दिसायला लागलं की कोण आजारी आहे, कोणाचं काम सुटलंय, कोणाच्या घरात दारूवरून भांडणं चाललीत. वेस्ली एवढा चाणाक्ष की त्याने हेच धरून ठेवलं. कर्ज राहिलं बाजूला, साधारण बारा जणांचा गट, त्याला एक प्रमुख आणि दर आठवड्याला प्रत्येकाची विचारपूस हीच पद्धत झाली, तिला ते 'क्लास' म्हणायचे. गटप्रमुखांत बायकाही असायच्या, अठराव्या शतकात हो! हे चॅपल बांधायच्या आधी ते जवळच तोफा ओतायच्या एका पडक्या कारखान्यात जमायचे, तिथे गरिबांसाठी मोफत औषधं होती, शाळा होती, छोटी कर्जंसुद्धा मिळायची. भूतदया वगैरे ठीक आहे, पण कोणाला काय हवंय याची माहितीच नसेल तर मदत करणार कशी, आणि ती माहिती या फेऱ्यांमधून यायची.

चॅपल सुंदर आहेच. गॅलरीखाली पूर्वी जहाजांच्या डोलकाठ्यांचे खांब होते, तिसऱ्या जॉर्ज राजाने दिलेले, आताचे दगडी खांब परदेशातल्या मेथडिस्ट मंडळींनी दिलेत. (पुरुषांचं जुनं टॉयलेटही बघा, संडासाची भांडी बनवणाऱ्या प्रसिद्ध थॉमस क्रॅपरच्या कंपनीचं आहे, खरंच लोक मुद्दाम बघायला येतात.) घरात वेस्लीचं विजेचे झटके द्यायचं यंत्र आहे, ते वापरून तो लोकांवर उपचार करायचा!

एकच गोष्ट मला झेपली नसती. वेस्ली पहाटे पाचला प्रवचन द्यायचा, म्हणजे कामगारांना ते ऐकून कामावर जाता यावं. आता उपासना अशी आडवेळेला नसते, नाहीतर दारात कितीही गोड हसले असते तरी माझं जाणं कठीणच होतं.